परदेशात दुकान थाटताय? कावेरीकाठाला विचारा

कंपनी कुठे काढायची? सिंगापूरला, दुबईला की थेट एस्टोनियात? पुण्याच्या आयटीवाल्यांपासून इचलकरंजीच्या कापडवाल्यांपर्यंत हा प्रश्न हल्ली सर्रास ऐकू येतो. कावेरी जिथे फाटे फोडत समुद्राला मिळते, त्या तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि मयिलादुतुरैच्या गावांत मात्र तो निदान हजार वर्षं जुना आहे. इथली माणसं सुमात्रा, मलाया, ब्रह्मदेश, सायगावला गेली. डेन्मार्क, हॉलंड आणि फ्रान्सची माणसं इथे दुकान मांडायला आली. त्यातली जवळजवळ पावणेदोनशे वर्षं, १६७६ ते १८५५, तंजावरला भोसल्यांची गादी होती. त्यामुळे या गोष्टींत मराठी माणूसही आहे, आणि तो जागेच्या मालकाच्या बाजूने आहे.

हे सगळे किस्से शेजारी मांडले की एक गोष्ट मला पक्की दिसते. परका देश निवडताना या लोकांनी कराचा दर सगळ्यात शेवटी पाहिला. आधी पाहिलं ते तीनच: उतरल्यावर पहिल्या रात्री कोणाकडे टेकायचं, धंद्याला परवानगी कोण देणार, आणि वेळ आलीच तर पैसा घेऊन निघता येईल का.

सभासद वर्गणी सोन्यात, भाव कस्तुरीचा

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचं बंदर आहे. जुन्या जगात ते कापरासाठी प्रसिद्ध. तिथे १८७३ मध्ये एक शिलालेख सापडला, आणि तो चक्क तमिळमध्ये होता. साल १०८८. कोरून घेणारे होते 'ऐन्नूर्रुवर', म्हणजे दक्षिणेतला 'पाचशेंचा' नामांकित व्यापारी संघ. मजकूर अगदी रोखठोक आहे. जहाजातून येणाऱ्या नाखव्यासकट सगळ्यांनी संघाची वर्गणी भरायची, ती सोन्यात भरायची आणि रक्कम कस्तुरीच्या भावावरून ठरवायची. साडेनऊशे वर्षांपूर्वी, परक्या मुलखात, महागाईशी जोडलेली सभासद फी! नवख्या व्यापाऱ्याला तिथे ओळख, गोदाम आणि दाद मागायची जागा या संघामुळेच मिळत असणार.

त्याहून जुना पुरावा थायलंडमध्ये आहे. ताकुआ पा इथल्या नवव्या शतकातल्या तमिळ लेखात एका तळ्याची नोंद आहे. तळं खोदवणारा स्वतःला नांगूरचा म्हणवतो. हे नांगूर म्हणजे कावेरीच्या मुखाजवळचं, शीर्काळी तालुक्यातलं गाव, असं अभ्यासक मानतात. तळ्याची राखण सोपवली होती 'मणिग्रामम' या दुसऱ्या व्यापारी संघाकडे. खेड्यातला माणूस समुद्रापार गेला आणि त्याने तिथे पाण्याची सोय केली, हे मला फार मोलाचं वाटतं. चार महिन्यांत माल विकून परत येणाऱ्याला तळं खोदायचं कारण नसतं.

थांबावं तर लागायचंच, कारण वाऱ्याचा हिशेब तसा होता. बंगालचा उपसागर पूर्वेकडे ओलांडायचा तो नैर्ऋत्य मान्सूनवर, आणि परतायचं ते ईशान्य मान्सूनवर. मधले काही महिने परक्या बंदरात काढायचे. म्हणून मुक्कामाचा प्रश्न नफ्याच्या आधी यायचा.

त्याच थायलंडमध्ये क्लोंग थोमला सोनाराचा एक कसोटीचा दगड सापडला आहे. त्यावर तमिळ-ब्राह्मीत मालकाची खूण आहे: हा दगड 'पेरुंपत्तन'चा. काळ तिसरं-चौथं शतक. भांडवल केवढं? हातभर सुद्धा नाही, मुठीत मावेल एवढं.

करमाफी मागायला राजदूत

उलट्या दिशेची गुंतवणूकही पाहा. श्रीविजय साम्राज्याच्या, म्हणजे सुमात्रा-मलायाच्या राजाने नागपट्टणमला चूडामणी नावाचा बौद्ध विहार बांधला आणि राजराज चोळाने १००६ च्या सुमारास आनैमंगलम या गावाचं उत्पन्न त्याला लावून दिलं. एकवीस पत्र्यांचा तो दानपत्राचा जुडगा कडीसकट तीस किलोच्या आसपास भरतो. पुढे डचांच्या काळात तो युरोपात गेला आणि 'लायडन ताम्रपट' या नावाने जगाला माहीत झाला. विहार असला की आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांना उतरायला हक्काची जागा असते. धर्म आणि व्यापार एकाच ओसरीवर बसलेले होते.

पुढचा भाग तर आणखी रंगतदार. १०२५ मध्ये राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, याच श्रीविजयावर आरमार घालून कडारम, म्हणजे आजचं केडा, जिंकलं. इतकं होऊनही १०९० मध्ये कडारमच्या राजाचे दोन दूत कुलोत्तुंग चोळाच्या दरबारात आले आणि त्यांच्या विनंतीवरून नागपट्टणमच्या विहाराच्या गावांना करांतून सूट मिळाली. तोही ताम्रपट उपलब्ध आहे. लढाई होऊन पासष्ट वर्षं झाली होती आणि दोन्ही बाजूंना धंदा हवा होता.

चीनकडची दारंही अशीच ठोठावली गेली. १०७७ मध्ये चोळांच्या बहात्तर जणांचं शिष्टमंडळ सुंग दरबारात पोचलं आणि परत येताना तांब्याच्या नाण्यांच्या ८१,८०० माळा घेऊन आलं. नजराणा हे नाव, व्यवहार मात्र व्यापाराचा. च्वानचौ बंदरात १२८१ चा तमिळ आणि चिनी अशा दोन लिप्यांतला लेख आहे; संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने तिथे शिवाची स्थापना केली आणि त्यात कुबलाई खानाचं भलं चिंतलं. परक्या देशात आपलं देऊळ बांधायचं आणि स्थानिक राजाच्या कल्याणासाठी बांधायचं, ही समज आजच्या कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात बसेल अशी आहे.

निघाले लंकेला, टेकले तरंगंबाडीला

ठरवून निवडलेला देश दगा देतो आणि वाटेत लागलेलं गाव सव्वादोनशे वर्षं साथ देतं, याचा सर्वांत झकास नमुना म्हणजे डेन्मार्क.

राजा चौथा क्रिस्तियान याने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्याच सुमारास बॉशहौवर नावाचा एक डच गृहस्थ कोपनहेगनला आला. मी लंकेच्या राजाचा वकील, तिथल्या व्यापाराचा हक्क तुम्हाला मिळवून देतो, असं त्याने सांगितलं. झालं, ठरलं. १६१८ मध्ये गलबतं सुटली. मोहिमेचा म्होरक्या ओव्हे येड्डे, वय पंचविशीच्या आत. वाटेत बॉशहौवर वारला, निम्म्याहून जास्त माणसं गेली, आणि १६२० मध्ये लंका गाठली तर कँडीच्या राजाने करार मानायलाच नकार दिला. सगळी योजना एका मध्यस्थावर उभी होती आणि तो मध्यस्थच आता नव्हता.

तिकडे टेहळणीसाठी पुढे गेलेल्या 'ओरेसुंद' गलबताचं आणखी वाईट झालं. कारैकलसमोर पोर्तुगिजांनी ते बुडवलं. कप्तान रोलांड क्रापे आणि तेरा जण कसेबसे किनाऱ्याला लागले आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारात पोचले. इथे नशीब फिरलं. रघुनाथ नायकाला पोर्तुगिजांवर अवलंबून राहायचं नव्हतं आणि त्याला नवं गिऱ्हाईक हवं होतं. १६२०च्या नोव्हेंबरात करार झाला, मच्छीमारांचं तरंगंबाडी गाव डॅनिशांना मिळालं, आणि तिथे डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. नायकाने डेन्मार्कच्या राजाला पाठवलेलं सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे. जहाज बुडालेला माणूस कंपनीचं काम करून गेला, कारण तो दरबारापर्यंत पोचला होता.

पण खरी कसोटी पुढेच होती. १६३९ नंतर डेन्मार्कहून गलबतच सुटलं नाही. युरोपातल्या युद्धांनी खजिना रिकामा, कंपनी १६५० मध्ये गुंडाळलेली. तरंगंबाडीत एक-एक डॅनिश माणूस मरत किंवा निघून जात राहिला. १६५५ मध्ये किल्ल्याचा कारभार आला एस्किल्ड कोंग्सबाके या साध्या कुळातल्या माणसाकडे. मुख्य कार्यालयाकडून पत्र नाही, पगार नाही, माल नाही. त्याने स्थानिक लोकांच्या साथीने किल्ला लढवला, उपसागरात धरलेल्या जहाजांच्या पैशावर गावाभोवती तट बांधला, तंजावरशी तडजोड केली आणि झेंडा खाली येऊ दिला नाही. १६६९ मध्ये 'फेरो' हे गलबत आलं, जवळजवळ तीस वर्षांनी! राजाने मग त्यालाच रीतसर गव्हर्नर केलं. परदेशी शाखेतला एक माणूस योग्य निवडला तर काय होतं, ते शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

तरंगंबाडीची आणखी एक देणगी छपाईची. १७०६ मध्ये आलेल्या त्सिगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने इथे छापखाना चालवला आणि १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पूर्ण केला. अखेर १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकलं. हिशेब मिटवून, कागद करून, सभ्यपणे बाहेर पडले.

आणि हे खास आपल्यासाठी: तंजावरची मोडी लिपीतली मराठी कागदपत्रं डेन्मार्कच्या संग्रहांत जपलेली आहेत. एलिसाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने ती अभ्यासून १९८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्यांना मोडी येते त्यांनी त्या पुस्तकाचा शोध जरूर घ्यावा.

जागेचे मालक भोसले

व्यंकोजीराजे तंजावरला बसले आणि १६७६ च्या डिसेंबरातच डचांशी नागपट्टणमचा करार झाला. डचांनी ते बंदर १६५८ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलं होतं. राजवट बदलली की परवाना नव्याने करून घ्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १६९० मध्ये त्यांनी चोळमंडळ किनाऱ्याचं मुख्यालय पुलिकतहून नागपट्टणमला आणलं, अफाट खर्च करून किल्ला बांधला, आणि १७८१ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. इमारतीत अडकलेला पैसा सोबत नेता येत नाही.

फ्रेंचांची गोष्ट भाऊबंदकीची. १७३८ मध्ये तंजावरच्या गादीवर आलेल्या शहाजीने पैशांच्या बदल्यात कारैकल देऊ केलं, मग हात आखडला, आणि १७३९ मध्ये चंदासाहेबाच्या मदतीने फ्रेंचांनी ते मिळवलंच. दहा वर्षांनी इंग्रज तोवर गादी गमावलेल्या याच शहाजीचा पक्ष घेऊन आले आणि देवीकोट्टै पदरात पाडून गादीवरच्या प्रतापसिंहाशी समेट करून मोकळे झाले. ज्याच्यासाठी आलो म्हणाले, त्याला पेन्शन. जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या किनाऱ्यावर चार युरोपीय झेंडे!

याच किनाऱ्याच्या थोडं उत्तरेला १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, तो प्रत्येक मराठी व्यापाऱ्याने वाचावा असा आहे. व्यापार करा, पण माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायची नाहीत आणि बाहेर न्यायची नाहीत, असं त्यात बजावलं आहे. याआधी दुष्काळात तंजावर भागातली हजारो माणसं डच जहाजांतून लंकेकडे आणि बटाव्हियाकडे नेली गेली होती. आधीच्या राजवटीत चालत होतं ते आमच्या राज्यात चालणार नाही, हा त्या कौलाचा सूर. परदेशी गुंतवणूक हवी असलेल्या राज्यकर्त्याने अट कशी घालावी, हे त्यात स्वच्छ दिसतं. मला त्या कौलाचा मनापासून अभिमान वाटतो.

खिशात दहा रुपये, मुक्काम सेरंगून रोड

मयिलादुतुरैजवळच्या कूत्तूर गावात १८८७ मध्ये जन्मलेले पी. गोविंदसामी पिळ्ळै १९०५ मध्ये घरी न सांगता सिंगापूरला निघाले. जवळ दहा रुपये. सेरंगून रोडवरच्या एका किराणा दुकानात काम मिळालं. पगार नाही, जेवण आणि झोपायला जागा एवढंच. पुढे तेच दुकान चेट्टियार सावकाराकडून दोन हजार डॉलर कर्जाऊ काढून त्यांनी विकत घेतलं आणि त्यातून 'पीजीपी' दुकानं उभी राहिली. सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळाचं वीस मीटर उंच गोपूर १९६६ मध्ये त्यांच्या देणगीतून झालं. सिंगापूरला गेलात तर मान वर करून पाहा.

बिनपगारी महिन्यांत त्यांना जे मिळालं, ते कुठल्याही बाजारपाहणीत मिळत नाही. गिऱ्हाईक कोण, उधारी कोणाची बुडते, तांदूळ कुठून येतो, कर्ज कोण देतो. दुकान घेतलं तेव्हा ते त्यांना आतून-बाहेरून पाठ होतं.

कर्ज देणारे चेट्टियार डेल्ट्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या चेट्टिनाडचे. सिंगापूरच्या मार्केट स्ट्रीटवर त्यांच्या 'किट्टंगी' होत्या. लांबलचक दालन, जमिनीवर ओळीने बैठका, प्रत्येक पेढीच्या मुनिमापुढे एक बुटकं लाकडी मेज आणि मागे तिजोरी. दिवसा तिथेच व्यवहार, रात्री तिथेच अंथरूण. एजंट साधारण तीन वर्षांच्या मुदतीवर यायचा आणि मुदत संपली की हिशेब चोख करून गावी परतायचा. जागेचं भाडं वाटून घेतलेलं, शेजारच्या बैठकीवरचा माणूस ओळखीचा, बुडव्या गिऱ्हाइकाची खबर दुपारच्या आत सगळ्यांना. आजच्या को-वर्किंग जागांनी याहून वेगळं काय शोधलं?

नागपट्टणमजवळच्या नागूरच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी पहिल्या रात्रीचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. नागूरचे सूफी संत शाहुल हमीद हे दर्यावर्दींचे पाठीराखे मानले जातात. सिंगापूरची वसाहत १८१९ ची, आणि तिथल्या तेलोक आयर स्ट्रीटवर नागूर दर्ग्याची प्रतिकृती उभी राहिली १८२८ ते १८३० मध्ये. पेनांगलाही तशीच एक आहे. मूळ नागूर दर्ग्याचा सर्वांत उंच, १३१ फुटी मनोरा बांधला तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी. समुद्रावरून येणाऱ्या जहाजाला तो आधी दिसायचा.

१९२६ च्या 'राजुला' या आगबोटीचं नाव या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून असतं. मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर अशी फेरी. पाच हजारांवर माणसं नेण्याचा परवाना, बहुतेक सगळी डेकवर. ही फेरी १९७०च्या दशकापर्यंत चालली. तिरुवारूर जिल्ह्यातल्या कूत्तानल्लूरला लोक 'छोटं सिंगापूर' म्हणतात ते याच ये-जा करण्यामुळे. तिरुवारूरचेच जी. सारंगपाणी १९२४ मध्ये सिंगापूरला गेले आणि १९३५ मध्ये त्यांनी 'तमिळ मुरसू' हे वृत्तपत्र काढलं. ते अजून निघतं.

कारैकलच्या लोकांकडे आणखी एक चावी होती: फ्रेंच नागरिकत्व. १८८१ च्या हुकमानुसार आपला धार्मिक वैयक्तिक कायदा सोडला की फ्रेंच दिवाणी हक्क मिळत. त्या कागदावर कारैकल आणि पुदुच्चेरीची माणसं सायगावला नोकरी-व्यापाराला गेली. कारैकलमध्ये फ्रान्सच्या निवडणुकीत मत देणारी घरं आजही आहेत.

निघायची वाट

ब्रह्मदेशाचं नाव घेतलं की या भागात आवाज खाली येतो. इरावतीच्या खोऱ्यात भातशेतीला कर्ज देणारे मुख्यतः चेट्टियार. जमीन त्यांना नको होती, व्याज हवं होतं. पण १९३० च्या मंदीत भाताचा भाव कोसळला, कर्जं थकली आणि तारण ठेवलेली जमीन गळ्यात आली. १९३० मध्ये दक्षिण ब्रह्मदेशातली सहा टक्के भातजमीन त्यांच्याकडे होती, ती १९३८ पर्यंत पंचवीस टक्के झाली. कागदावर श्रीमंती, हातात मात्र विकता न येणारी जमीन आणि गावोगावी रोष. १९४२ मध्ये जपानी आले, माणसं जंगलातून पायी भारताकडे निघाली. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने जमीन राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. पिढ्यांची कमाई गेली, आणि ज्या शेतकऱ्याची जमीन गेली होती त्याचंही दुःख खोटं नव्हतं.

क्रमवारीचं काय झालं?

वर्ल्ड बँकेची 'डुइंग बिझनेस' यादी आठवते? २०२० च्या यादीत न्यूझीलंड पहिला, सिंगापूर दुसरा, भारत त्रेसष्टावा. आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. तिच्या जागी 'बी-रेडी' हा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, पहिल्या खेपेला पन्नास अर्थव्यवस्थांचा. यादी जरूर वाचा, पण यादीवर घर गहाण ठेवू नका.

आजचे परवाने, थोडक्यात

सिंगापूरमध्ये एका डॉलरच्या भांडवलावर कंपनी निघते, कॉर्पोरेट कर १७ टक्के. खरी अट वेगळीच आहे: निदान एक संचालक तिथला रहिवासी हवा. म्हणजे ओळखीचा माणूस आधी, कंपनी नंतर.

संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी मुख्य भूमीवर धंदा करायचा तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराचा लागायचा. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत पूर्ण परदेशी मालकी चालते. करमुक्त दुबई ही समजूत मात्र जुनी झाली. जून २०२३ पासून पावणेचार लाख दिरहमांवरच्या नफ्याला ९ टक्के कर आहे.

एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये 'ई-रेसिडेन्सी' आणली. घरबसल्या युरोपीय कंपनी चालवता येते, आणि नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही. तिथे राहायचा हक्क मात्र मिळत नाही आणि बँक खात्याची हमीही नाही. सल्ले देणारे ही दोन वाक्यं बहुधा शेवटच्या पानावर ठेवतात.

आता आपल्या बाजूचे नियम, कारण बहुतेक जण अडकतात ते इथेच. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि परदेशी कंपनीतली गुंतवणूक याच मर्यादेत मोजली जाते. ऑगस्ट २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागू आहेत. पैसे बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून, युनिक नंबर घेऊनच जातात. जमीन-जुमल्याच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात पैसे घालता येत नाहीत. कंपनीवर तुमचं नियंत्रण असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यायचा. हा अहवाल विसरला की पुढची रक्कम अडते.

आणखी एक. कंपनी सिंगापूरची, पण सगळे निर्णय कुंभकोणमच्या माडीवरून होत असतील, तर भारताचं आयकर खातं तिला भारतीय रहिवासी कंपनी ठरवू शकतं. वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर हा नियम लावत नाहीत, ही छोट्यांना मोठीच सवलत आहे.

नाव इथलं, हक्क तिथला

तंजावर चित्रं, तंजावर वीणा, स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती, नाच्चियारकोइलचे कुत्तुविळक्कू दिवे: या सगळ्यांना भारतात भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन त्या-त्या देशापुरतंच चालतं. बाहेर संरक्षण हवं तर तिथे वेगळी नोंदणी. ट्रेडमार्कचं थोडं सोपं झालं आहे. २०१३ मध्ये भारत माद्रिद व्यवस्थेत आला, त्यामुळे एका अर्जात अनेक देश घेता येतात. चीनसारख्या देशात आधी अर्ज करणाऱ्याचं नाव धरलं जातं, म्हणून दुकानाची पाटी लागण्याआधी नावाचा अर्ज गेलेला बरा. पैठणी आणि कोल्हापुरी चपलेवाल्यांनाही हे तितकंच लागू.

एकशे दहा किलोमीटरवरचा परदेश

आणि ज्यांना लांब जायचंच नाही त्यांच्यासाठी: १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टणम ते श्रीलंकेतलं काँकेसंतुरै अशी प्रवासी बोट सुरू झाली. अंतर साधारण ११० किलोमीटर, म्हणजे पुणे-सातारा. पलीकडे उतरलं की जाफना जवळच, भाषा तमिळ, आणि फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देता येतात. नमुन्याच्या चार पेट्या घेऊन बाजार पाहायला याहून स्वस्त परदेश भारताच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरा नाही. निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, आधी काढून ठेवा, तो ऑनलाइन मिळतो. ईशान्य मान्सूनच्या महिन्यांत समुद्र खवळतो आणि ही बोट बंद असते, म्हणून पहिली फेरी मार्चनंतरची धरा.